वाचलेल्या बाळांच्या फुफ्फुसांचा हिशेब

नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण कमी झाले की आरोग्य यंत्रणा समाधान व्यक्त करते, आणि ते समाधान अस्थानी नाही. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे ११ बालके वयाच्या पहिल्या २८ दिवसांत दगावली. देशाची सरासरी त्या वर्षी २० होती. शासकीय रुग्णालयांतून उभे राहिलेले विशेष नवजात शिशू दक्षता कक्ष, दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे वाढलेले प्रमाण आणि घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्त्या यांचा या यशात मोठा वाटा आहे. तथापि या यशाच्या पोटीच एक नवा प्रश्न जन्मास आला आहे. पूर्वी जी अपुऱ्या दिवसांची बाळे जेमतेम दोन दिवस जगत, ती आता जगतात आणि आईच्या कुशीत घरी जातात. त्यांपैकी काहींची फुफ्फुसे मात्र अधू राहिलेली असतात. पुढे पहिल्या दोन पावसाळ्यांत वारंवार होणारा न्यूमोनिया, धाप, खुंटलेली वाढ आणि पुन:पुन्हा दवाखाना, असा त्या घराचा क्रम ठरून जातो.

अशा बाळांचा धोका जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच ओळखता यावा, यासाठी जगभरातील प्रयोगशाळा रक्तातील, लघवीतील आणि श्वासनलिकेतील स्रावातील जैविक खुणा शोधत आहेत. या खुणांना बायोमार्कर असे म्हणतात. हे संशोधन महत्त्वाचे आहेच. परंतु यवतमाळ जिल्ह्यासारख्या ठिकाणी त्याचा उपयोग कोणाला, केव्हा आणि कशाच्या आधारावर होणार, हा विचार त्याच्या बरोबरीने व्हावयास हवा. जगात २०२० साली सुमारे १ कोटी ३४ लाख बालके मुदतपूर्व जन्मली आणि त्यांतील ३० लाखांहून अधिक एकट्या भारतातील होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या विचाराची निकड कळून येईल.

जगल्यानंतरचा आजार

या विकाराचे वैद्यकीय नाव ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेझिया, म्हणजेच बीपीडी. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील क्ष-किरणतज्ज्ञ विल्यम नॉर्थवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली त्याचे पहिले सविस्तर वर्णन केले. श्वसनयंत्रावर ठेवलेल्या आणि भरपूर प्राणवायू दिलेल्या बाळांची फुफ्फुसे आठवडे लोटले तरी पूर्ववत होत नाहीत, हे त्यांनी क्ष-किरण चित्रांतून दाखवून दिले. म्हणजे हा आजार उपचारांच्या प्रगतीसोबत आला. ज्या काळात अशी बाळे जगतच नव्हती, त्या काळात तो दिसण्याचेही कारण नव्हते.

आईच्या पोटात फुफ्फुसांची घडण सावकाश होते. श्वसनपोकळ्या आतून चिकटू नयेत म्हणून लागणारा सर्फॅक्टंट हा निसरडा पदार्थ साधारणत: चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुरेसा तयार होतो. खरे वायुकोश त्यानंतर मोठ्या संख्येने निर्माण होऊ लागतात आणि जन्मानंतरही काही वर्षे ते वाढत असतात. सातव्या महिन्यातील मूल जगते आणि आठव्यातील जगत नाही, अशी एक समजूत खेड्यापाड्यांत अजूनही ऐकावयास मिळते. फुफ्फुसांचे शास्त्र नेमके याच्या उलट सांगते. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूचा असतो.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या नाजूक फुफ्फुसांवर हवेचा दाब, प्राणवायूचा मारा आणि जंतुसंसर्ग असे तीन आघात एकाच वेळी होतात. त्यातून सूज येते, रक्तवाहिन्यांची वाढ थांबते, आणि वायुकोश थोडे व बेढब राहतात. सर्फॅक्टंटचे औषध आणि सौम्य श्वसनसाहाय्य आल्यापासून जखमा व व्रणांचा जुना प्रकार कमी झाला. आता फुफ्फुसांची वाढच अर्धवट राहण्याचा प्रकार अधिक दिसतो. २००१ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या बैठकीने केलेल्या व्याख्येनुसार, किमान २८ दिवस जादा प्राणवायू लागलेल्या बाळाला हा आजार आहे असे धरले जाते. बत्तीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांत त्याची तीव्रता गर्भकाळ व जन्मानंतरचे वय मिळून ३६ आठवडे भरतात त्या दिवशी ठरवितात. २०१९ साली पुढे आलेल्या व्याख्येत त्या दिवशी बाळाला श्वसनाचे कोणते साहाय्य लागते, यावर भर आहे.

या व्याख्येतच एक अडचण दडलेली आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचा छत्तिसावा आठवडा उजाडण्यास दोन महिने लागतात. निदान पक्के होते तोवर फुफ्फुसांची हानी होऊन गेलेली असते. म्हणूनच पहिल्या आठवड्यातच धोक्याची घंटा वाजविणारी एखादी खूण संशोधकांना हवी आहे.

थेंबभर रक्तातील भाकीत

गेल्या तीन-चार दशकांत अशा अनेक खुणा तपासल्या गेल्या. त्यांतील पहिला गट सुजेशी निगडित प्रथिनांचा. इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ आणि इंटरल्युकिन-१ बीटा ही प्रथिने पुढे बीपीडी होणाऱ्या बाळांच्या श्वासनलिकेतील स्रावात व रक्तात अधिक आढळतात. अमेरिकेतील नवजात संशोधन केंद्रांच्या जाळ्याने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक किलोपेक्षा कमी वजनाच्या हजाराहून अधिक बाळांचे रक्त पहिल्या तीन आठवड्यांत वेळोवेळी तपासले गेले. अशा काही प्रथिनांचे चढ-उतार आणि पुढील आजार वा मृत्यू यांचा संबंध त्यात दिसून आला.

दुसरा गट फुफ्फुसांच्या पेशींतून रक्तात झिरपणाऱ्या द्रव्यांचा. वायुकोशांच्या अस्तराला इजा झाली की केएल-६ हे द्रव्य रक्तात वाढते. उलट, श्वासनलिकांचे रक्षण करणाऱ्या क्लब पेशींचे सीसी-१६ हे प्रथिन अशा बाळांच्या श्वसनस्रावात कमी आढळते. तिसरा गट रक्तवाहिन्यांची वाढ घडविणाऱ्या द्रव्यांचा. हृदयावरील ताण दाखविणारे एनटी-प्रोबीएनपी हेही येथे उपयोगी पडते, कारण अधू फुफ्फुसांमुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर भार येतो. लघवीतील बॉम्बेसिनसदृश पेप्टाइडे, प्राणवायूच्या अतिरेकाने पेशींना झालेली इजा दाखविणारी आयसोप्रोस्टेन आणि श्वासमार्गातील जिवाणूंची घडण यांवरही काम झाले आहे.

ही यादी लांब असली, तरी यांतील एकही चाचणी अद्याप नवजात कक्षातील नित्याची चाचणी झालेली नाही. त्याची कारणे व्यावहारिक आहेत. एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात रक्तच मुळी ८०-९० मिलिलिटर असते. त्यातून एक मिलिलिटर काढणे म्हणजे शंभरातील एकाहून अधिक हिस्सा काढणे होय. श्वासनलिकेतील स्राव नळी घातलेल्या बाळाचाच मिळतो. सौम्य साहाय्यावरील बाळाचा सहजी मिळत नाही. शिवाय सुजेची प्रथिने जंतुसंसर्गानेही वाढतात. ज्या कक्षांत संसर्गाचे प्रमाण अधिक, तेथे वाढलेले इंटरल्युकिन फुफ्फुसांविषयी बोलते आहे की रक्तातील जंतूंविषयी, याचा उलगडा होणे कठीण.

मग या खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर एका औषधाच्या इतिहासात आहे. डेक्सामेथॅसोन हे स्टेरॉइड जन्मानंतर बाळाला दिले असता फुफ्फुसांची सूज उतरते व श्वसनयंत्र सुटते. परंतु पहिल्याच आठवड्यात ते सढळ हाताने दिल्यास मेंदूला इजा होऊन सेरेब्रल पाल्सीचा धोका वाढतो. २००५ साली ऑस्ट्रेलियातील लेक्स डॉइल आणि सहकाऱ्यांनी अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले. बीपीडीचा धोका ३५ टक्क्यांहून कमी असलेल्या बाळांच्या गटांत हे औषध अपाय अधिक करते आणि धोका ६५ टक्क्यांच्या वर गेल्यास तेच हितकारक ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे कोणत्या बाळाचा धोका किती, हे जाणण्यावर औषध तारक ठरेल की मारक, हे अवलंबून आहे. पूर्वसूचनेचे मोल ते हेच.

केसपेपरवरील खुणा

येथेच २०११ साली प्रसिद्ध झालेला मॅथ्यू लॉगन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आठवावा लागतो. तेविसाव्या ते तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या साडेतीन हजारांहून अधिक बाळांच्या नोंदींवरून त्यांनी धोक्याचे गणित मांडले. त्यात कोणतेही दुर्मीळ प्रथिन नव्हते. गर्भकाळाचे आठवडे, जन्मवजन, बाळ मुलगा की मुलगी, वंश, श्वसनसाहाय्याचा प्रकार आणि दिल्या जाणाऱ्या हवेतील प्राणवायूचे प्रमाण या सहा बाबींवर ते उभे होते. पहिल्या काही दिवसांत गर्भकाळ सर्वाधिक बोलका ठरला. सातव्या दिवसानंतर श्वसनसाहाय्याचा प्रकार. कोणत्याही नव्या जैविक खुणेला आता या साध्या गणिताशी स्पर्धा करून आपली उपयुक्तता सिद्ध करावी लागते.

विदर्भाला अशा साध्या खुणेचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत बालकांच्या न्यूमोनियावर काम केले, तेव्हा क्ष-किरण यंत्र खेड्यात नेणे अशक्य होते. बाळाच्या श्वासांची गती हीच त्यांनी निदानाची खूण मानली. अंक न वाचता येणाऱ्या दायांनाही श्वास मोजता यावेत, म्हणून मण्यांचे साधे उपकरण तयार झाले. पुढे याच विचारातून घरी जाऊन करावयाच्या नवजात सेवेची पद्धत उभी राहिली. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले आणि २०११ पासून आशांमार्फत हीच पद्धत देशभर स्वीकारली गेली. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक असणे ही गोष्ट आज कोणतीही आशा जाणते. बाळाजवळ बसलेल्या माणसाला ती कळते आणि त्यावरून पुढचे पाऊल ठरते, म्हणून ती खूण टिकली. बीपीडीच्या खुणांनाही हीच कसोटी लावणे उचित होय.

सोळा तालुके आणि एक तारीख

या कसोटीवर यवतमाळ जिल्हा पाहिला म्हणजे पहिली अडचण प्रयोगशाळेच्या फार आधी सुरू होते. साडेतेरा हजार चौरस किलोमीटर क्षेत्र, १६ तालुके आणि २०११च्या जनगणनेनुसार २७ लाख ७२ हजार लोकसंख्या असा हा विस्तार. यवतमाळ शहरात श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय. पुसद, दारव्हा, पांढरकवडा येथे उपजिल्हा रुग्णालये. वणीच्या रुग्णाला चंद्रपूर जवळ पडते, उमरखेडच्या रुग्णाला नांदेड. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या भागांतील कोलामपोडांवरून निघालेल्या बाईला पक्का रस्ता गाठणे हाच पहिला टप्पा असतो. मुदतीपूर्वी कळा सुरू झालेली स्त्री प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी, असा प्रवास करते. त्यातील प्रत्येक तास बाळाच्या फुफ्फुसांच्या खात्यावर मांडला जातो.

परंतु त्याहून मूलभूत प्रश्न तारखेचा आहे. बाळ किती आठवड्यांचे, हे ठाऊक नसेल तर वरील सर्व गणित कोसळते. शेतमजुरी करणाऱ्या बाईला शेवटच्या पाळीची तारीख विचारली असता उत्तर पुष्कळदा पोळा, दिवाळी किंवा कापसाच्या पहिल्या वेचणीच्या आधाराने येते. पहिल्या तिमाहीत झालेली सोनोग्राफी हा गर्भकाळ ठरविण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग. ती झालेली नसेल, तर जन्मानंतर केवळ वजनावरून अंदाज बांधला जातो. अशक्त, रक्तक्षय असलेल्या मातेचे पावणेदोन किलोचे बाळ कधी ३७ आठवडे पूर्ण भरलेले पण पोटातच खुरटलेले असते, तर कधी ते खरोखरीच बत्तीस आठवड्यांचे असते. वजन सारखे असले तरी दोघांच्या फुफ्फुसांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. सिकलसेलचे रुग्ण असलेल्या विदर्भात तर हा गोंधळ अधिकच वाढतो, कारण तो आजार मातेस असल्यास मुदतपूर्व प्रसूती आणि बाळाचे कमी वजन या दोहोंचाही धोका वाढतो.

तारीख न कळण्याची किंमत किती असू शकते, हे प्रसूतीपूर्व स्टेरॉइडच्या अनुभवाने दाखविले आहे. न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली सिद्ध केले की, मुदतपूर्व प्रसूतीच्या बेतात असलेल्या मातेला स्टेरॉइडची इंजेक्शने दिल्यास बाळाची फुफ्फुसे लवकर परिपक्व होतात. हाच उपाय सहा देशांतील ग्रामीण भागांत सरसकट पोहोचविण्याची मोठी चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत बेळगाव व नागपूर ही भारतीय केंद्रे होती. लहान बाळांचे मृत्यू त्यातून कमी झाले नाहीत. एकंदर नवजात मृत्यू मात्र थोडे वाढले. ज्यांना गरज नव्हती अशा पुष्कळ मातांना औषध दिले गेले, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत चाचणी केली. तीत रुग्णालये निवडक होती आणि गर्भकाळ सोनोग्राफीने निश्चित केलेला होता. २०२०च्या त्या निष्कर्षांत नवजात मृत्यूचे प्रमाण औषध न दिलेल्या गटातील २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. दोन्ही चाचण्यांत औषध एकाच प्रकारचे होते. आठवड्यांचे ज्ञान आणि रुग्णालयाची तयारी मात्र वेगवेगळी होती.

तेव्हा बीपीडीची पहिली आणि सर्वांत स्वस्त जैविक खूण गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यातच नोंदली जाऊ शकते. माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहिलेली सोनोग्राफीची तारीख, हीच ती खूण.

प्राणवायूचे माप

दुसरी खूण प्राणवायूची. बाळाला किती लिटर प्राणवायू चालू आहे, हे केसपेपरवर लिहिलेले असते; परंतु त्या हवेत प्राणवायू किती टक्के आहे, हे हवा व प्राणवायू मिसळणारे ब्लेंडर असल्याशिवाय नेमके सांगता येत नाही. जेथे ते नाही तेथे बाळाला जवळजवळ शुद्ध प्राणवायू मिळण्याचा संभव असतो. त्यातून फुफ्फुसांबरोबर डोळ्यांच्या पडद्यालाही इजा होते. उलट टोकाला जाऊन प्राणवायू फार कमी ठेवणेही घातक असते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत रक्तातील प्राणवायू ८५ ते ८९ टक्क्यांवर ठेवलेल्या बाळांत डोळ्यांचा विकार कमी झाला, पण मृत्यू वाढले. म्हणून ९० ते ९५ टक्क्यांची मर्यादा सांभाळावी लागते. ती सांभाळणे म्हणजे परिचारिकेने पल्स ऑक्सिमीटर पाहून वारंवार प्राणवायू कमी-जास्त करणे होय. एका परिचारिकेवर कितीतरी बाळे असताना हे कसे साधावे, हा प्रश्न यंत्रखरेदीच्या निविदेत येत नाही.

देशाच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दक्षता कक्षांत कृत्रिम श्वसन व मोठ्या शस्त्रक्रिया वगळता सर्व सेवा अपेक्षित होत्या. त्यानंतर नाकावाटे सौम्य दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र जिल्हा पातळीवर येऊ लागले. फुफ्फुसांच्या दृष्टीने हे पाऊल योग्य दिशेचे आहे, कारण नळी टाळता येणे हाच बचाव असतो. मात्र यंत्र बसविणे आणि ते सुरक्षित चालविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला लागलेल्या आगीत दहा बालके गेली. देखभालीला खरेदीइतकेच महत्त्व द्यावे लागते, हे तेव्हा साऱ्या राज्याला कळले.

स्वस्त उपाय याखेरीजही आहेत. श्वास मध्येच थांबणाऱ्या बाळांना दिले जाणारे कॅफिन हे त्यांतील ठळक उदाहरण. कॅनडाच्या बार्बरा श्मिट यांच्या नेतृत्वाखालील २००६च्या चाचणीत कॅफिन मिळालेल्या बाळांत बीपीडीचे प्रमाण ३६ टक्के, तर न मिळालेल्यांत ४७ टक्के आढळले. आईच्या उघड्या छातीशी बाळ धरण्याची कांगारू पद्धत जन्मानंतर लगेच सुरू केल्यास मृत्यू चतुर्थांशाने घटतात, हे २०२१च्या पाच देशांतील चाचणीने दाखविले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय तीत सहभागी होते. जन्मत:च जठरातून काढलेल्या द्रवात मद्यार्क मिसळून हलविल्यास फेस टिकतो की नाही, यावरून सर्फॅक्टंट पुरेसा आहे का, याचा अंदाज येतो. ही जुनी शेक टेस्ट बीपीडीचे भाकीत करीत नाही. पण पहिल्या तासांत कोणत्या बाळाला पुढे हलवावे, हे ठरविण्यास तिची मदत होते. एक परीक्षानळी आणि पंधरा मिनिटे एवढाच तिचा खर्च.

घराचा उंबरठा ओलांडल्यावर

यवतमाळच्या शेतमजूर कुटुंबाला दोन महिने शहरातील रुग्णालयात काढणे म्हणजे मजुरी बुडणे, घरी असलेल्या मोठ्या लेकरांची आबाळ होणे आणि उधारी वाढणे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी अर्भकाचा उपचार मोफत असला, तरी ही झीज भरून निघत नाही. परिणामी बाळ थोडे सावरताच 'सुट्टी द्या' असा आग्रह होतो आणि छत्तिसाव्या आठवड्याची तपासणी व्हायच्या आधीच बाळ गावी पोहोचते. ज्याचे निदानच झाले नाही, तो आजार कागदावर येत नाही. हेच बाळ सहा महिन्यांनी धाप लागून दाखल होते, तेव्हा केसपेपरवर नवा न्यूमोनिया म्हणून नोंद होते.

ज्या घरात ते जाते तेथील हवाही अनुकूल नसते. उज्ज्वला योजनेचे सिलिंडर २०१६ नंतर पुष्कळ घरांत आले. परंतु भरून आणण्याचा खर्च परवडत नसेल तेव्हा चुलीत पऱ्हाट्या आणि तुराट्याच जळतात. बाळंतिणीची खोली उबदार राहावी म्हणून शेगडी आणि धुरीही असते. वणी भागात त्यात कोळशाच्या धुळीची भर. निकोप फुफ्फुसांना जे सोसते, ते अर्धवट घडलेल्या फुफ्फुसांना सोसत नाही.

आशा कार्यकर्ती नियमानुसार ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जाते. दक्षता कक्षातून परतलेल्या बाळाकडे तिने अधिक लक्ष द्यावे, अशीही अपेक्षा आहे. पण या बाळाला किती दिवस प्राणवायू लागला होता, हे तिला कोण सांगणार? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या ३० विकारांच्या यादीत मुदतपूर्व बाळांच्या डोळ्यांचा विकार आहे आणि मोठ्या मुलांची दम्यासारखी धापही आहे. बीपीडीचे नाव मात्र त्यात नाही. एकाच प्राणवायूने डोळा आणि फुफ्फुस या दोहोंना इजा होत असताना एकाची पद्धतशीर तपासणी व्हावी आणि दुसऱ्याची होऊ नये, ही विसंगती दूर करण्यासारखी आहे.

क्रम ठरविण्याची वेळ

याचा अर्थ जैविक खुणांचे संशोधन हे श्रीमंत देशांचे काम म्हणून सोडून द्यावे, असा नव्हे. किंबहुना ते येथे होण्याची गरज अधिक आहे. अमेरिका-युरोपातील अभ्यास प्रामुख्याने २८ आठवड्यांहून लहान बाळांवर झालेले आहेत. जिल्हा रुग्णालयांत जगणारी आपली बाळे थोडी अधिक आठवड्यांची, पण पोटात खुरटलेली आणि जंतुसंसर्गाला अधिक बळी पडणारी असतात. तेथील गणितात 'वंश' म्हणून धरलेली बाब विदर्भातील बाळांना जशीच्या तशी लागू करणे शास्त्राला धरून होणार नाही. यवतमाळ, सेवाग्राम, नागपूर, चंद्रपूर, नांदेड येथील वैद्यकीय महाविद्यालयांनी एकत्र येऊन समान नोंदी ठेवल्या, आणि रक्ताऐवजी लघवीतील खुणांवर भर दिला, तर त्या संशोधनाचे मोल देशापुरते मर्यादित राहणार नाही.

मात्र अशा संशोधनाला पाया लागतो तो विश्वासार्ह नोंदींचा. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी, आई व बाळ एकत्र राहू शकतील अशी रुग्णालयातील सोय, कक्षातील ब्लेंडर व पुरेशा परिचारिका, कॅफिनचा अखंड पुरवठा आणि सुट्टीच्या कागदावर 'प्राणवायू किती दिवस' हा एक रकाना, एवढ्या गोष्टी जिल्हा पातळीवर साधण्यासारख्या आहेत. तो कागद आशेपर्यंत पोहोचला, तर अशा घराला चूल व धुरीपासून बाळ दूर ठेवण्याचा सल्ला वेळेवर मिळेल. २०२१ पासून नित्याच्या लसीकरणात आलेली न्यूमोकॉकल लस चुकणार नाही, आणि धाप लागताच बाळ कोठे न्यायचे हे आधीच ठरलेले असेल. बीपीडीचा समावेश बाल स्वास्थ्य कार्यक्रमात करण्याचा प्रस्ताव राज्यानेही मांडावयास हरकत नाही.

दरवर्षी १५ ते २१ नोव्हेंबर हा नवजात शिशू सप्ताह आणि त्यातच १७ नोव्हेंबरचा जागतिक अकालप्रसूती दिन साजरा होतो. त्या सुमारास यवतमाळच्या शिवारांत कापसाची वेचणी चालू असते आणि दिवस गेलेल्या कित्येक बाया ओटी बांधून तासांमधून वाकून चालत असतात. सप्ताहातील भाषणांत वाचलेल्या बालकांचा आकडा अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगावाही. त्याच्या शेजारी त्या बालकांनी पहिला वाढदिवस कोणत्या फुफ्फुसांनी गाठला, याचाही आकडा मांडण्याची वेळ आता आली आहे. तो मांडण्यास लागणारी साधने जिल्ह्याच्या आवाक्यात आहेत. निर्णय तेवढा व्हावयाचा आहे.